एकच नदी, दोन काठ



गेल्या रविवारी आमच्या नातीला नवी सायकल मिळाली. मग आम्हीही आमची जुनी सायकल पुसून, हवा भरून बाहेर काढली आणि दोघे सकाळी सातला ताडीवाला रोडवरून नदीच्या कडेने रमतगमत निघालो. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आम्हीही तीस वर्षे सायकलवरूनच खडकीला कामावर गेलो. पण कामावर जाताना नदी कोण बघतो?

आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला मुळा आणि मुठा एकत्र येतात. पुढे ही मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तिचे पाणी उजनी धरणात जाते. नातीला हे भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक होते. आम्हाला मात्र नदी ठाऊक आहे ती पुरामुळे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या दिवसाच्या गोष्टी आमची आई मरेपर्यंत सांगत होती. आजही खडकवासल्यातून जास्त पाणी सोडले की काठच्या वस्त्या भांडीकुंडी उचलायला लागतात.

बंडगार्डनला थांबून आम्ही चहा घेतला. इथला बंधारा एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जिजीभाय यांच्या देणगीतून बांधला गेला. शेजारचा जुना दगडी फिट्झजेराल्ड पूल आता गाड्यांना बंद आहे. नदीकाठ सुधारण्याच्या मोठ्या योजनेची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी झाली. नदीच्या ४४ किलोमीटर लांबीच्या पट्ट्याचे हे काम आहे. इथला नवा घाट देखणा दिसतो, पण पाण्याला सांडपाण्याचा वास तोच.

तिथून पुढे कोरेगाव पार्क. वडांची गर्द सावली, उंच भिंती, रस्त्यावर माणूस नाही. आमच्या वस्तीतून पायीच निघालेल्या बायका तेवढ्या भराभर चालताना दिसल्या. एका फाटकापाशी नात थांबली. तिची आई, म्हणजे आमची सूनबाई, तिथे धुण्याभांड्याला जाते. रविवारीही सुट्टी नसते.

वॉचमनने हटकले, "कुणाकडे जायचंय?"

"आईकडे," नात म्हणाली.

तो ओशाळला. बोलता बोलता कळले, गडी परभणीकडचा. बारा तासांची पाळी, झोपायला पत्र्याची खोली. जाताना त्याने नातीच्या सायकलची घंटी वाजवून पाहिली.

पूल ओलांडून आम्ही पलीकडच्या काठाला, कल्याणीनगरात आलो. काचेच्या इमारती पाहत नगर रस्त्यावर १८९२ सालचा आगाखान पॅलेस गाठला आणि तिथून येरवड्याकडे वळलो. येरवड्यात पुन्हा आपल्यासारखीच दाट वस्ती, नळावरच्या रांगा, पोरांचा गलका. तुरुंग दिसल्यावर आम्ही नातीला २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराची हकिगत सांगू लागलो. पण तिचे लक्ष नव्हते. ती म्हणाली, "आजोबा, आई रोज एवढं चालत जाते? आणि येतेपण?"

आम्ही गप्प झालो. तीस वर्षे घरात सायकल होती, पण ती आमची होती. नातीची आजीसुद्धा जन्मभर पायीच कामाला गेली. तिला कधी सायकलवर बसवून पाहावे, असे आमच्या मनातही आले नाही. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी सांगितले. हे आम्ही किती सभांतून ठासून सांगितले आणि टाळ्या घेतल्या! स्वतःच्या उंबऱ्यापाशी मात्र मोजायचे विसरलो.

बंडगार्डनच्या नव्या पुलावरून परतताना नातीने ठरवूनच टाकले. त्याच संध्याकाळी वस्तीशेजारच्या मैदानावर सूनबाई पदर खोचून सायकलवर बसली. नातीने मागून कॅरिअर धरले. दोनदा पडली, गुडघा फुटला. चार बायका हसल्या, पण त्यातलीच एक म्हणाली, "उद्या मलाही शिकव गं."

आजवर तिघी शिकायला येतात. सायकली दोनच आहेत, त्यातली एक आमची. सीट तेवढी खाली करून घेतली आहे.

वाचकहो, तुमच्या घरात कोपऱ्यात एखादी सायकल धूळ खात असेल, तर ती कुणाच्या उपयोगी पडेल हे आज जेवताना घरात विचारून पाहा.