जुन्या सायकलीचा रंग खरवडू नका

जुन्या सायकलींचा नाद लागलेली चार-पाच मंडळी माझ्या दवाखान्यात नेमाने येतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी कोकण भवनात नोकरीला, तर एक संगणकावर काम करणारा तरुण. कुणाकडे आजोबांची रॅले आहे, कुणी गावच्या गोठ्यातून हर्क्युलिस उचलून आणली आहे. आर्टिस्ट व्हिलेजमधल्या एका अंगणात तर पाच सांगाडे ओळीने उभे आहेत. रक्तदाब मोजून घेता घेता ही मंडळी ब्रुक्सच्या चामडी सीटविषयी आणि स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबविषयी भरभरून बोलतात.

मला हा नाद आवडतो. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, आपण मधल्या दांड्याखालून पाय घालून सायकल शिकलो, तीही तासाच्या भाड्याने घेतलेली. नगरपालिकेचा पितळी बिल्ला नसला की सायकल जप्त व्हायची! वरळीचा हिंद सायकलचा कारखाना केव्हाच बंद पडला. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना तर ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद झाला. हरवत चाललेली वस्तू जपावीशी वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम करा, असे मी रोज घसा कोरडा करून सांगतो ते कुणी ऐकत नाही. पण हीच माणसे नवी चेन बसली की नाही हे पाहायला आपण होऊन पहाटे बाहेर पडतात.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती रंगाविषयी आहे.

मध्यंतरी एक बाई आपल्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलला आहे.) पोट दुखते, शौचास साफ होत नाही, भूक नाही, चिडचिड फार. मुलगा फिकट दिसत होता. जंताचे औषध आधीच झाले होते. घरात हल्ली काही रंगकाम वगैरे चालले आहे का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘रंगकाम नाही, पण ह्यांची सायकल आहे ना!’’ वडील पंधरा-वीस दिवस बंद गॅलरीत बसून जुन्या सायकलीचा रंग पॉलिश पेपरने घासत होते आणि चिरंजीव शेजारी बसून ‘मदत’ करीत होते. रक्तातले शिसे तपासले, ते बरेच वाढलेले निघाले. काम बंद केले, घर ओल्या फडक्याने पुसून काढले, आहारात लोह वाढवले. पुढच्या तपासण्यांत आकडा उतरत गेला.

जुन्या इनॅमल रंगांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. रंग चकाकावा, लवकर वाळावा, लोखंडाला गंज लागू नये, अशा वेगवेगळ्या कारणांसाठी ते घातले जाई. देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग, आणि तेच संयुग लोखंडावरच्या अस्तरातही वापरत. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नसावे असा नियम २०१६ साली झाला आणि २०१७च्या अखेरीस तो लागू झाला. म्हणजे आजोबांच्या सायकलीला त्याचे बंधन नव्हते. कोणत्या रंगात किती शिसे आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

रंग सायकलीवर घट्ट बसला आहे तोवर त्याचा त्रास नाही. तो घासला की पिठासारखी धूळ होते. ती श्वासावाटे जाते, फरशीवर बसते आणि रांगत्या मुलाच्या बोटांवरून तोंडात जाते. मोठ्या माणसाच्या तुलनेत मुलाचे आतडे चार-पाच पट शिसे शोषून घेते, आणि मुलाचा मेंदू तर अजून घडत असतो. अभ्यासात मागे पडणे, लक्ष न लागणे हे परिणाम पुढे दिसतात आणि ते भरून येत नाहीत. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये पाच मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले तर ते येते कुठून हे शोधून थांबवावे, असा तिचा सल्ला आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मूळ रंग राहू द्या. साबणाच्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने पुसा, मेण चोळा. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय २०१७ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बीएसएने केलेली घडीची सायकलही तिथे पाहायला मिळते. अशी सायकल कुणी नव्या मोटारीसारखी चकचकीत करून ठेवली, तर तिचा इतिहास कुठे उरला? जाणकार संग्राहकही मूळ रंगालाच मोल देतात. इथे डॉक्टर आणि शौकीन यांचे एकमत आहे, असे क्वचितच घडते.

रंग उतरवणे भागच असेल तर गॅलरीत नको, मोकळ्या जागी. पाणी लावून घासा, कोरडे नको. ज्योतीने जाळू नका. एन-९५ मुखपट्टी बांधा. मुले आणि गरोदर स्त्रिया आसपास नकोत. कपडे वेगळे धुवा आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा उचलू नका.

क्रोमियम चढवून आणण्याची हौसही आवरती घ्या. झळाळी आपल्या हँडलला येते, पण त्या आम्लाच्या वाफांत वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्या कामगाराच्या नाकाच्या पडद्याला भोक पडू शकते.

गंजाविषयी मात्र लोकांची भीती थोडी चुकीच्या जागी आहे. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गोठ्यातून आणलेल्या सायकलीला दोन्ही लागलेले असते, ही गोष्ट खरी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. मळकट जखम असेल आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर टीडीची सुई घ्या.

आता ब्रेक. जुन्या सायकलीच्या पोलादी रिमवर पावसात ब्रेकचे रबर नीट धरत नाही, आणि आपल्या बेलापुरात पाऊस चार महिने. त्यातून रबर तीस वर्षांचे, वाळून दगड झालेले. ते आधी बदला. शोभेची घंटी नंतर. पाम बीच मार्गावर भरधाव मोटारींच्या बरोबरीने अशी सायकल मुळीच नेऊ नका, सेक्टरमधले आतले रस्ते पुरेत.

आणि सुटे भाग जमवून सायकल बांधणार असाल तर सांगाडा आपल्या उंचीचा निवडा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर मधला दांडा जांघेला लागता कामा नये. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हावा, एवढी सीटची उंची ठेवा. माझ्याकडे गुडघा दाखवायला येणाऱ्या सायकलवाल्यांपैकी बहुतेकांची सीट फार खाली असते.