लाज सोडा, गोळी सोडू नका

"ताई, रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही, मग गोळी कशाला?" बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत हा प्रश्न नेहमी ऐकते. एचआयव्ही काही पेशींत झोपून राहतो. त्याचे 'टॅट' हे प्रथिन जेमतेम १०० अमिनो आम्लांचे. पण ते तयार झाले की विषाणूच्या प्रती भराभर निघतात. आपली गोळी टॅटला अडवत नाही. ती विषाणूला नव्या पेशीत बस्तान बसवू देत नाही. म्हणूनच गोळी सुटली की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या हाती हंगामभराच्या गोळ्या एकदम मिळाल्याच पाहिजेत. सरकारी एआरटी केंद्रांत उपचार २००४ पासून मोफत आहेत. २०१७ च्या कायद्याने भेदभावाला बंदी आहे. आपला हक्क मागा. जय भीम!