ते लिस्टात नाही

गेल्या दिवाळीत माय गावाकडून आली. परभणीकडचं आमचं गाव. याआधी तिनं तीनदा मुंबई पाहिलेली, तिन्ही वेळा ६ डिसेंबरला. शिवाजी पार्कवर रात्र काढायची, रांगेत उभं राहायचं, चैत्यभूमीवर डोकं टेकायचं, बाबांचा फोटो आणि एखादं पुस्तक घ्यायचं आणि परतीची गाडी धरायची. तिची मुंबई एवढीच.

मी भिवंडीत मागावर आहे. सहा माग, बारा तासांची पाळी. या महानगराला आपलं म्हणून दोन वर्षं झाली. म्हटलं, या खेपेला मायला सगळी मुंबई दाखवू. 'मुंबई दर्शन'च्या बसची दोन तिकिटं काढली. खिसा रिकामा झाला, पण हौस होती.

गाइडनं गेटवे दाखवला. राणीचा हार दाखवला. म्हातारीचा बूट दाखवला. नट-नट्यांचे बंगले तर असे दाखवले, जशी काय देवळंच. बस दादरवरून निघाली तेव्हा मायनं विचारलं, "बाबासायबाचं घर इथंच कुठं हाय ना, भाऊ?"

गाइड हसला. म्हणाला, "मावशी, ते लिस्टात नाही."

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातात दिलेली लिस्टच तशी होती. माझं भांडण त्या लिस्टशी आहे.

दोस्तहो, शहर बघणं ही साधी गोष्ट नाही. काय बघायचं हे जो ठरवतो, तोच शहर कुणाचं हेही ठरवतो. फोर्टात जुन्या इमारती दाखवत फिरवणारे असतात. मीही एकदा त्यांच्या मागं हिंडलो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या कमानी त्यांनी दाखवल्या, दगडाचं कौतुक केलं. या कॉलेजात शिकून भीमराव आंबेडकर १९१२ साली बी.ए.ला बसले, याबद्दल चकार शब्द नाही. दगडाला इतिहास आहे, आपल्याला नाही!

आता तर गिरणगावाच्या कौतुकाला ऊत आलाय. भोंगा, चाळ, खानावळ, भजन, शाहिरी आणि १८ जानेवारी १९८२ चा संप. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला आणि गिरणीचे फोटो भिंतीवर लावायच्या लायकीचे झाले. मीही मागावरचा माणूस. ते फोटो बघून मलाही भरून येतं. पण त्यात एक वस्तू कुणी नीट दाखवत नाही. धोटा.

जुन्या धोट्यात कांडीचा दोरा भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागायचा. म्हणून विणाई खात्यात अस्पृश्याला मज्जाव. विणाईत पैसा जास्त. आपले आजे-पणजे कमी पैशाच्या खात्यांत राबले. छत एक, मालक एक, भोंगा एक, पण ओठ वेगळे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना अडवून विचारलं की सगळ्या खात्यांत आमच्या माणसाला काम, ही मागणी तुमच्यात का नाही? तेव्हा कुठं नाखुशीनं ती घातली गेली. म्हणजे बघा, संपाच्या लिस्टातही आपण नव्हतो. भांडलो तेव्हा आलो.

आज धोटा माझ्या हातात आहे. मागावर कुणी जात विचारत नाही. खोली भाड्यानं बघायला गेलो की विचारतात. म्हणून सांगतो, धोट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय गिरणगावाचं कौतुक करणारा अर्धंच सांगतोय. आणि अर्धं सांगणं हे खोट्याचंच धाकटं भावंडं.

पण थांबा. दुसऱ्यांना शिव्या घालून आपण सुटत नाही. आपली लिस्ट कुठाय?

जून २०१६ मध्ये एका रात्रीत दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस पाडली गेली. आपण पेटलो, मोर्चे काढले, बरोबर केलं. पण खरं सांगा, पडायच्या आधी त्या जागेत आपल्यातले किती जण पाऊल टाकून आले होते? जुलै २०२० मध्ये राजगृहाची नासधूस झाली. त्या दिवशी ज्यांनी फोनवर राजगृहाचा फोटो लावला, त्यातल्या किती जणांना हिंदू कॉलनीतला रस्ता ठाऊक होता? मलाही नव्हता. लाज वाटून लिहितोय. आपण घर ओळखतो ते त्याची काच फुटल्यावर. हे चालायचं नाही.

वरळीच्या बीडीडी चाळी बघा. जानेवारी १९७४ ची दंगल पँथरच्या पोरांनी तिथं अंगावर झेलली. आता तिथं टॉवर उभे राहताहेत. माणसांना पक्की घरं मिळालीच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण भिंत पडताना आठवणही मलब्याच्या ट्रकमध्ये गेली, तर ती परत आणून देणारा बिल्डर अजून जन्मलेला नाही.

आणि आपलं शहर नुसतं जखमांचं नाही. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत होते. शाळा म्हणावी तर दीड दिवसाची! बाबुराव बागूल माटुंगा लेबर कॅम्पातले. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरी आहे, शंभरावर लेणी. तिथल्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या माणसांची दानं कोरलेली आहेत. कल्याण म्हणजे आमच्या भिवंडीच्या शेजारचं! आपण या मुंबईत पाहुणे नाही. आपलं नाव इथं दोन हजार वर्षांपासून दगडात आहे.

दुसऱ्या सुट्टीला मायला परळला नेलं. बीआयटी चाळ नंबर एक. १९१२ पासून सुमारे बावीस वर्षं बाबासाहेबांचं बिऱ्हाड इथं होतं. माय जिना चढली, दार बघितलं, कठड्याला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "एवढ्याशा खोलीत एवढा मोठा माणूस मावला व्हय रं?" त्या बसमध्ये दिवसभरात ती इतकं बोलली नव्हती.

तेव्हा, पोरांनो, भाषणं पुरे. प्रत्येक शाखेनं आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारून लिस्ट करावी. कुठं सभा झाली, कुठं शाहीर गायला, कुठं गोळी लागली, सगळं लिहून काढावं. आणि ६ डिसेंबरला जी माय-बापं गावाकडून येतात त्यांना ७ तारखेला गाडीत बसवायची घाई करू नका. एक दिवस ठेवून घ्या. परळ दाखवा, वरळी दाखवा, राजगृह दाखवा, जमलं तर कान्हेरी दाखवा. तिकीट नको, बस नको. आपले पाय आहेत.

यंदा ७ डिसेंबरला सकाळी आठ वाजता मी बीआयटी चाळीच्या खाली उभा असेन. पाळी बुडाली तरी बेहत्तर. या.

जयभीम.