शब्दांची जकात

पुण्यातील अभ्यासिकांत खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली स्पर्धापरीक्षांसाठी अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकीत असतात. शब्द, अर्थ, प्रतिशब्द, आणि सकाळी पुन्हा उजळणी. या कष्टांची थट्टा करण्याचा हेतू नाही. प्रश्न इतकाच की, या घोकंपट्टीतून नेमकी कोणती गुणवत्ता मोजली जाते?

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेत एकेकाळी एक प्रश्न होता : धावपटूचा जो संबंध मॅरेथॉनशी, तोच वल्हेकऱ्याचा कशाशी? उत्तर 'रेगाटा', म्हणजे नौकांची शर्यत. सधन घरातील मुलाच्या कानांवरून हा शब्द सहज गेलेला. गरीब वस्तीतील मुलाला तो पाठ करणे भाग. असे साम्यप्रश्न २००५ मध्ये वगळण्यात आले आणि २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांवरील भरही कमी करण्यात आला.

आपल्याकडे संघ लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत 'सी-सॅट' आणली. २०१४ मध्ये भारतीय भाषांतून शिकलेले विद्यार्थी दिल्लीत रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे त्यातील इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेच्या हिशेबातून गळले. २०१५ पासून ती संपूर्ण प्रश्नपत्रिकाच केवळ पात्रतेपुरती उरली. संघर्षावाचून हे घडले नाही.

डॉ. राममनोहर लोहिया बर्लिनमध्ये शिकलेले. परभाषेचे त्यांना वावडे नव्हते. इंग्रजीला सत्तेची किल्ली बनविण्यास त्यांचा विरोध होता. हा भेद आजही महत्त्वाचा आहे.

'फिस्कल डेफिसिट' हेच पाहा. 'राजकोषीय तूट' असा अर्थ पाठ करून काहीच उमगत नाही. परंतु कर्जाखेरीज सरकारची जी जमा, तिच्याहून खर्च जितका अधिक, तितके कर्ज काढावे लागते, असे साध्या मराठीत सांगावे. सावकाराचे व्याज घरात पाहिलेल्या मुलाला ते तत्काळ कळते. संकल्पना आधी रुजली की इंग्रजी शब्द आपोआप स्मरणात राहतो.

म्हणून इंग्रजी अवश्य शिकवावी. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेस चांगले शिक्षक व ग्रंथालय द्यावे. मात्र ज्या नोकरीत दुर्मीळ शब्दांचे काम नाही, तिच्या परीक्षेत ते नसावेत. काहींना जे वारशाने फुकट मिळते, त्यावर इतरांनी तारुण्यातील वर्षे जकात म्हणून भरावीत, ही व्यवस्था समाजवाद्यांनी निमूटपणे सोसता कामा नये.