परदेशीं गेलेल्या खेळाडूंचा अतिथिधर्म

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांचा मुलगा महाविद्यालयाच्या संघाबरोबर सामने खेळण्यासाठीं जपानला जावयाचा आहे. त्याच्या दंडावर ओंकार गोंदलेला आहे. संघास मिळालेल्या सूचनापत्रिकेंत असें लिहिलें आहे कीं, सार्वजनिक स्नानगृहांत व पोहण्याच्या तलावावर अंगावरील गोंदण झांकून घ्यावें. तें ऐकतांच मुलाच्या आजींनीं निकाल दिला कीं, ज्या देशांत ओंकार झांकावा लागतो त्या देशांत आपल्या घरच्या मुलानें पाऊल ठेवूं नये. (तो ओंकार गोंदवून आणला त्या दिवशीं याच आजींनीं नातवाशीं अबोला धरला होता, असेंही भगिनी लिहितात!) वडील म्हणतात, नियम तो नियम. मुलगा म्हणतो, एवढी कटकट असेल तर गोंदण पुसूनच टाकतों. तिघांचें पटत नाहीं, पैसे भरण्याची मुदत जवळ आली आहे, तेव्हां आपण कांहीं सांगावें, अशी त्यांची विनंती आहे.

प्रश्न घरगुती दिसला तरी तो लहान नाहीं. परक्याच्या दारीं जातांना आपलें काय बरोबर न्यावें, काय आवरावें आणि काय मुळींच सोडूं नये, हा तो प्रश्न आहे.

प्रथम जपानी लोकांची बाजू पाहूं. त्या देशांत शोगुनांच्या राजवटींत गुन्हेगाराच्या दंडावर वा कपाळावर गोंदून त्यास जन्माची खूण करीत असत. पुढें १८७२ सालीं सरकारनें गोंदण्यावरच बंदी घातली, ती १९४८ सालीं उठली. परंतु 'याकुझा' नांवाच्या गुंडांच्या टोळ्या सर्वांग गोंदवून घेत. त्यामुळें सामान्य गृहस्थाच्या मनांत गोंदण म्हणजे दहशत, हें समीकरण पक्कें झालें. तेथील उष्ण झऱ्यांच्या स्नानगृहांत सर्वजण वस्त्रें उतरवून एकत्र बसतात. अशा ठिकाणीं मुलाबाळांना घेऊन आलेल्या मनुष्यास शेजारीं गोंदलेली पाठ दिसली तर तो दचकतो. अनेक स्नानगृहांत गोंदलेल्यांस मज्जाव असतो, त्याचें मूळ या भीतींत आहे. कोणाच्या देवाधर्माचा त्यांत अवमान नाहीं.

आतां दुसरी बाजू. आमच्या मातोश्रींच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलें होतें. सर्व दागिने येथेंच राहतात, गोंदण तेवढें बरोबर येतें, असें त्या म्हणत. पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांत तर गोंदण हा एक संस्कारच आहे. तेथील पुरुष कंबरेपासून गुडघ्यापर्यंत 'पेआ' नांवाचें गोंदण करून घेतात. दातेरी हत्यारावर काठीचे ठोके देऊन तें अनेक दिवस चालतें. वेदना असह्य होतात. आणि अर्धवट सोडून उठणें ही साऱ्या कुटुंबाची नामुष्की समजतात. 'टॅटू' हा शब्दही जगास याच बेटांच्या भाषाकुळांतून मिळाला.

हे दोन देश २०१९ सालीं समोरासमोर आले. रग्बी या लंबगोल चेंडूच्या दांडग्या खेळाची जागतिक स्पर्धा त्या वर्षीं आशिया खंडांत प्रथमच, जपानमध्यें, भरली व तींत २० संघ उतरले. खेळाच्या जागतिक संस्थेनें एक वर्ष आधीं, २०१८ सालींच, सर्व संघांस कळविलें होतें कीं, तलावांवर व व्यायामशाळांत गोंदण झांकावें. त्याबरोबरच, या खेळाडूंचा गुंडांच्या टोळ्यांशीं कांहीं संबंध नाहीं, हें तेथील लोकांस समजावून देण्याचेंही तिनें पत्करलें. सामोआचे खेळाडू तलावावर जातांना गोंदण झांकणाऱ्या बाह्या घालूं लागले. त्यांचा कर्णधार जॅक लॅम यानें सांगितलें तें थोडक्यांत असें: आमच्या संस्कृतींत गोंदण ही नित्याची गोष्ट आहे, पण आम्ही ज्या भूमीवर आलों तिचा मान आम्ही राखूं.

ज्यांचें गोंदण एवढें पवित्र, त्यांस तें झांकणें जड वाटलें नाहीं काय? आम्हांस वाटतें, पवित्र म्हणजे काय हें ठाऊक असल्यामुळेंच दुसऱ्याचें मन त्यांस लौकर कळलें. ज्यास स्वतःच्या घरच्या देवाचें मोल नाहीं, तो दुसऱ्याच्या देवळांतही पादत्राणांसह शिरतो.

झांकणें आणि टाकणें यांत मोठें अंतर आहे. आपण जन्मभर जानवें सदऱ्याखालीं वागवितों. तें लाजेनें लपविलें असें कोणी म्हणत नाहीं. रात्रीं देव्हाऱ्याचा पडदा ओढतों, तेव्हां देवाचा अवमान होत नाहीं. मग तलावावर घटकाभर दंडास पट्टी बांधली तर ओंकारास कमीपणा कसा येईल?

परंतु अतिथीनेंच सर्व सोसावें, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. २०१३ सालीं न्यूझीलंडमधील एक माओरी बाई भाषाविषयक परिषदेसाठीं होक्काइडो बेटावर गेल्या होत्या. त्यांच्या मुखावरील परंपरागत गोंदणामुळें एका स्नानगृहांत त्यांस प्रवेश नाकारला गेला. मुखावरचें गोंदण कोणत्या वस्त्रानें झांकावें? शिवाय त्याच बेटावरील आइनू स्त्रिया पूर्वीं ओठांभोंवतीं गोंदून घेत आणि सरकारनेंच ती चाल बंद पाडली. घरचाच विसरलेला आचार पाहुणीच्या मुखावर दिसला, आणि यजमानांस तो ओळखतां आला नाहीं. पाहुण्यानें आवरावें हें खरें, पण यजमानानेंही दार लावण्यापूर्वीं चौकशी करावी.

अशी देवघेव झाली म्हणजे काय घडतें, तेंही त्याच स्पर्धेंत दिसलें. किताक्यूशू शहरांत वेल्सचा संघ सराव करावयास उतरला, तेव्हां सुमारें १५,००० नागरिक जमले व त्यांनीं वेल्सचें राष्ट्रगीत वेल्श भाषेंत म्हटलें. न्यूझीलंडचे खेळाडू सामना संपल्यावर प्रेक्षकांपुढें रांगेनें उभे राहून जपानी पद्धतीनें वांकले, आणि पाहतां पाहतां इतर अनेक संघांनींही तो प्रघात उचलला. वांकल्यानें त्यांचा एकही गुण कमी झाला नाहीं.

हें लिहितांना आमची एक जुनी चूक मनांत सलते. शाळेचा खोखोचा संघ घेऊन आम्ही एकदां केरळांत गेलों होतों. ज्या गृहस्थांकडे उतरलों त्यांनीं मोठ्या हौसेनें आम्हांस देवळांत नेलें. तेथें पुरुषांनीं सदरा उतरवून, मुंडू नेसून आंत जावयाचें असतें. तें पाहून आमची मुलें एकमेकांकडे बोट दाखवून खिदळूं लागलीं. यजमान कांहीं बोलले नाहींत. पण दर्शन घेऊन परततांना सकाळची त्यांची हौस उरली नव्हती. मुलांवर आम्ही रागावलों खरे, पण दोष आमचा होता. निघण्यापूर्वीं चार वाक्यांत सांगावयाचें तें आम्हीं सांगितलें नव्हतें. घरीं आल्यावर क्षमेचें पत्र पाठविलें, उत्तरही सौजन्याचें आलें. तरी त्या गृहस्थांचा उतरलेला चेहरा आम्ही विसरलों नाहीं.

आतां भगिनींच्या घरांतील तिघांस आमचें सांगणें. आजींस विनंती कीं, त्यांनीं नातवास आनंदानें निरोप द्यावा, आणि झांकावयाची पट्टी स्वतःच्या हातानें शिवून द्यावी. वडिलांस इतकेंच कीं, नियम पाळावयाचा खरा, पण मुलास त्याचें कारणही सांगावें. कारण न कळतां पाळलेला नियम पहिल्या अडचणीसरशीं सुटतो. आणि मुलास हें कीं, बाबा रे, पुसून टाकण्याचें नांव काढूं नकोस. कोणी विचारलें तर ओंकाराचा अर्थ दोन शब्दांत सांगतां येईल, एवढी तयारी करून जा. शाकाहार सोडावयाचें कारण नाहीं. तिकडील पुष्कळ रश्शांत माशाचा अर्क असतो, म्हणून जेवावयास बसण्यापूर्वीं नम्रपणें सांगावें, ताट पुढें आल्यावर नाक मुरडूं नये. सामना जिंकलास तर आम्हांस आनंदच आहे. पण परत आल्यावर आम्ही प्रथम विचारूं तें हें कीं, ज्यांच्याकडे उतरला होतास त्यांनीं पुन्हां येण्याचें बोलावणें केलें काय?