मागितली बढती, तपासलं चारित्र्य

ॲलिसन हॅलफर्ड हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. नोकरी करणाऱ्या बाईला तरी ते ठाऊक असायला हवं, असं मला वाटतं. १९६२ साली या बाई लंडनच्या पोलीस दलात दाखल झाल्या. १९८३मध्ये मर्सीसाइडच्या, म्हणजे लिव्हरपूल शहर ज्या भागात येतं तिथल्या, असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल झाल्या. नावात कॉन्स्टेबल असलं तरी हे आपल्या शिपायाचं पद नव्हे बरं का! दलातल्या अगदी वरच्या, मोजक्या पदांपैकी हे एक. ब्रिटनमध्ये तिथवर पोहोचलेल्या त्या पहिल्याच स्त्री.

घोडं अडलं ते पुढच्या पायरीवर. डेप्युटी चीफ कॉन्स्टेबलच्या पदासाठी त्यांनी सात वर्षांत आठ वेळा अर्ज केले, मर्सीसाइडमध्ये आणि बाहेरच्या दलांतही. आठही वेळा नकार. १९९०च्या फेब्रुवारीत पुन्हा एकदा नाही म्हटल्यावर जूनमध्ये त्यांनी औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दावा लावला, ‘मी बाई आहे म्हणून मला डावललं जातंय.’

आणि मग जे व्हायचं तेच झालं. त्यांच्या कामाची चर्चा बाजूला पडली. ड्युटीवर असताना एका उद्योजकाच्या घरच्या तलावात त्या पोहायला उतरल्या, कोणत्या कपड्यांत उतरल्या, याच्या बातम्या छापून आल्या. शिस्तभंगाची चौकशी लागली, डिसेंबर १९९०मध्ये निलंबन झालं. वर्षभराने हायकोर्टाने ती कारवाई अयोग्य म्हणून रद्द केली. पण तोवर बाईंची अब्रू चव्हाट्यावर येऊन गेली होती. १९९२मध्ये तडजोड झाली. १० हजार पौंड अधिक खर्चासाठी ५ हजार, आणि प्रकृतीच्या कारणावरून निवृत्ती.

याहून गंमत (गंमत कसली!) पुढेच आहे. ऑफिसातला एक फोन त्यांना खासगी वापरासाठी दिलेला होता. दाव्याच्या कामासाठी तो वापरायला हरकत नाही, असंही सांगितलेलं होतं. त्यावरची बोलणी ऐकली जात होती, तीही दाव्यात त्यांच्याविरुद्ध माहिती मिळावी म्हणून! असं घडलं असण्याची दाट शक्यता स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जून १९९७मध्ये मान्य केली आणि ब्रिटनला पुन्हा १० हजार पौंड भरायला लावले. तलावाचा निकाल लागला, फोनचा लागला. बाई म्हणून बढती नाकारली का, या मूळ प्रश्नावर मात्र कुठल्याच कोर्टाचा निकाल नाही.

आपल्याकडे सी. बी. मुथम्मांचंही असंच झालं. त्या पोलिसांतल्या नव्हेत, परराष्ट्र सेवेतल्या. पण रोग एकच. लग्नासाठी सरकारची परवानगी घ्या, संसाराचा कामात अडथळा वाटला तर राजीनामा द्या, असे नियम फक्त बायकांना होते. बढती नाकारल्यावर त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. सुनावणीच्या तोंडावर सरकारने बढती देऊन टाकली आणि १९७९मध्ये याचिका फेटाळली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नियमांवर सडकून टीका केली हे खरं, पण ‘यांना आधी का डावललं?’ याचं उत्तर सरकारला द्यावंच लागलं नाही.

‘कशाला कोर्टाची पायरी चढायची, बदनामीच पदरी येणार,’ असं घरचेच सांगतात. त्यांचंही अगदी चुकतं असं म्हणवत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३च्या कायद्याने कार्यालयांत ज्या समित्या असतात, त्यातल्या एकीवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. आतलं बाहेर सांगायचं नसतं, सांगणारही नाही. पण बैठकीआधी चहा घेताना कुणीतरी हळूच म्हणतंच, ‘मॅडम, ती बाई आधीपासूनच जरा तशी आहे हं.’ तक्रार वाचायच्या आधी!

म्हणून मला वाटतं, खात्यात तक्रार केल्यावर बाईविरुद्ध जी चौकशी निघेल ती त्याच साहेबांच्या हाती असू नये. आणि बढती नाकारली की कारण लेखी द्यावं, लगेच. यात अशक्य असं काय आहे? गोपनीय अहवालातला शेरा, तो चांगला असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने देव दत्त यांच्या प्रकरणात २००८मध्ये सांगितलंय, २०१३मध्ये पुन्हा बजावलंय. हे देव दत्त सीमा रस्ते विभागातले इंजिनीअर. एका वर्षीच्या शेऱ्यात ‘अतिशय चांगला’ऐवजी नुसतं ‘चांगला’ लिहिलं, ते त्यांना कळवलंही नाही, आणि तेवढ्यावरून बढती हुकली. निकाल त्यांच्या बाजूने लागला खरा, पण तेव्हा ते निवृत्त होऊन घरी बसले होते.