धांगडधिंगा म्हणण्यापूर्वी

आमच्या घरी 'धांगडधिंगा' हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. वरातीतला डीजे धांगडधिंगा, शेजारच्या पोराची गिटार धांगडधिंगा, आणि इंग्रजी गाणे म्हटले की मग विचारायलाच नको! माझे आबाजी गेली चाळीस वर्षे गावच्या भजनमंडळात पेटी वाजवितात, त्यामुळे या बाबतीत त्यांचा निकाल म्हणजे शेवटचा निकाल. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्या कानाला मोबाईलचे इअरफोन लावले आणि बीटल्स या इंग्लिश चौकडीचे १९६६ सालचे 'टुमॉरो नेव्हर नोज' हे गाणे सुरू केले. काय आहे ते मुद्दामच सांगितले नाही. क्षणभरात आबाजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हा त तंबोरा होय ना रे बाबू! कोन छेडला?"

उत्तर सोपे होते : जॉर्ज हॅरिसन. पण हाच प्रश्न मी त्या काळातल्या आणखी काही गाण्यांना विचारला, तेव्हा उत्तरे इतक्या सहज मिळेनात. या लेखाचा प्रपंच त्यासाठीच.

आधी त्या गाण्याविषयी थोडे. ६ एप्रिल १९६६ रोजी लंडनमधील ॲबे रोडवरच्या ई. एम. आय. स्टुडिओत त्याचे मुद्रण सुरू झाले. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक अवघा वीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्या बी. ए.च्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याएवढा. गायक जॉन लेनन याची मागणी अशी की, आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्रपाठ करणाऱ्या दलाई लामांसारखा वाटला पाहिजे. तेव्हा तो आवाज ऑर्गनला जोडण्याच्या फिरत्या ध्वनिक्षेपकातून बाहेर काढून मुद्रित केला गेला. पॉल मॅकार्टनीने घरी फितीचे तुकडे कापून, टोकाला टोक जोडून त्यांची वेटोळी केली होती. त्यांतली पाच वेटोळी निरनिराळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती आणि स्टुडिओतील माणसे ती पेन्सिलींवर ताणून धरून उभी होती. गाण्यात समुद्रपक्ष्यांचा कलकलाट ऐकू येतो, तो वस्तुतः वेगाने फिरविलेले माणसाचे हसणे आहे. या सगळ्याखाली तंबोऱ्याचा अखंड नाद, आणि सबंध गाणे जवळजवळ एकाच स्वरमेळावर उभे. तिकडच्या श्रोत्याला हे चमत्कारिक वाटले असेल. जन्मभर तंबोऱ्याच्या सुरात बसलेल्या माणसाला ते परके वाटण्याचे कारण नाही.

अशा संगीताकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत. एक तुच्छतेची : हा यंत्रांचा खेळ, यात संगीत कुठले? दुसरी फुशारकीची : बघा, शेवटी गोऱ्यांना आपल्याच दाराशी यावे लागले! मला या दोन्ही तऱ्हा आळशीपणाच्या वाटतात, कारण दोन्हींत प्रत्यक्ष ऐकण्याचे कष्ट कोणी घेत नाही. घेतले असते, तर आबाजींसारखा प्रश्न पडला असता : हे वाजविले कोणी?

१९६६ सालच्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीवर 'लव्ह यू टू' नावाचे गाणे आहे. त्यात तबला वाजविणाऱ्याचे नाव वेष्टनावर छापले आहे : अनिल भागवत. हे नाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकल्याशिवाय राहत नाही. पण पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, 'सार्जंट पेपर' ही जगप्रसिद्ध तबकडी निघाली. तिच्यातील 'विदिन यू विदाउट यू' या गाण्यात दिलरुबा, तंबोरा आणि तबला आहे. दिलरुब्याची मींड व्हायोलिन आणि चेलोवाल्यांना साधावी म्हणून जॉर्ज मार्टिन या संगीत-निर्मात्याने स्वतंत्र स्वरलिपी लिहिली. पाश्चात्य वादकांनी आपल्या दिलरुब्यामागून सरकत जायचे, हा त्या गाण्यातला खरा प्रयोग. आणि ज्यांच्यामागून जायचे, त्या भारतीय वादकांची नावे वेष्टनावर नव्हती! अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा आणि नटवर सोनी ही चार नावे रसिकांपर्यंत पोहोचायला २०१७ साल उजाडावे लागले. पन्नास वर्षे कोट्यवधी लोकांनी अण्णा जोशींचा गज ऐकला आणि माणूस कोण ते कोणी विचारले नाही.

तिसरे उदाहरण तर आपल्या मुंबईचेच. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन फोर्ट भागातील एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत मुद्रित करण्यासाठी आला. तेथे एकाच मार्गाचे यंत्र होते. तेव्हा ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन मार्गांचे यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईला आणले. वरठीच्या फलाटावर हावड्याहून मुंबईकडे जाणारी गाडी धडधडत गेली की मला हटकून ते यंत्र आठवते. स्टुडिओच्या भिंती बाहेरचा आवाज अडविण्याइतक्या जाड नव्हत्या. हॅरिसनने पुढे सांगितल्याप्रमाणे, सायंकाळी कचेरी सुटली की जिन्यावरच्या पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे, आणि काही तुकड्यांत रस्त्यावरची वाहनेही ऐकू येतात. सरोदवर आशिष खाँ, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर केंकरे अशी मंडळी होती. याच दिवसांत 'द इनर लाइट' या गाण्याचे सारे वादन मुंबईत झाले. गायन मागाहून लंडनला मुद्रित झाले आणि मार्च १९६८ मध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर निघाले. वाद्य वाजविणाऱ्यांत बीटल्सपैकी एकही नाही. तबकडीवर मात्र नाव 'द बीटल्स' एवढेच.

यावर कोणी म्हणेल, 'हा गोऱ्यांचा अन्याय!' थांबा. आपल्या घरी काय चालले होते? त्याच दशकात मुंबईच्या स्टुडिओंत हिंदी चित्रपटांची गाणी मुद्रित होत. गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दमात. एखाद्याचा सूर चुकला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. फितीची वेटोळी करायची चैन तेथे नव्हती. कोणता वादक माइकपासून किती हात दूर उभा राहील, यावरच गाण्याचा तोल ठरे. हाही स्टुडिओतला प्रयोगच होता, आणि तो रोज होत होता. तो करणारे वादक व संयोजक मोठ्या संख्येने गोव्याचे. शंकर-जयकिशनांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? १९६९ सालच्या 'आराधना'तील 'रूप तेरा मस्ताना' सगळे गुणगुणतात. पण त्यात भुरळ घालणारा तो ॲकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचा, हे कितीजण सांगतील? अँथनी गोन्साल्विस हे नाव तर पोरासोरांच्या तोंडी आहे. परंतु ते १९७७ सालच्या चित्रपटातील अंड्यातून बाहेर येणाऱ्या नायकाचे म्हणून! गोव्यातील माजोर्ड्याचे त्या नावाचे खरेखुरे संगीत-संयोजक होते आणि संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य, हे सांगितले की लोक थट्टा समजतात. तेव्हा विस्मरणाच्या या धंद्यात गोरे आणि आपण सारखेच भागीदार आहोत.

आक्षेप येईल की, चाल ज्याची त्याचेच गाणे. वादकाला मेहनताना मिळाला, व्यवहार संपला. चाल ज्याची त्याचा मान मोठा, हे मला मान्य आहे. हॅरिसन आणि मार्टिन नसते तर ती गाणी झालीच नसती. पण साठच्या दशकात गाणे म्हणजे केवळ चाल आणि शब्द ही कल्पनाच बदलली. ज्या गाण्याचा जीव नादाच्या पोतात आहे, तेथे तो पोत विणणारा हात मजूर कसा ठरतो? त्या प्रयोगांनी श्रोत्याला सगळ्यात मोठी गोष्ट दिली असेल, तर ती ही की गायकाच्या मागे काय चालले आहे तिकडे त्याचा कान वळविला. कान वळल्यावर नाव विचारण्याची बुद्धीही व्हायला हवी.

आता थोडे आपल्या अंगणात. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते, पुढे शंकरपट होतात, आणि त्यानिमित्त झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. दंडार, खडी गंमत अजून जिवंत आहे. नाटकातील पात्रांची नावे भित्तिपत्रकावर असतात, ध्वनिक्षेपकावरून पुकारलीही जातात. रात्रभर ऑर्गन ओढणाऱ्याचे, ढोलकी घुमविणाऱ्याचे नाव आपण विचारतो का? दूर कशाला, आपल्याच स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका काढून पाहा. प्रमुख पाहुण्यांच्या पदव्यांना चार ओळी आहेत, तबलजीला एकही नाही.

माझी सूचना साधी आहे. येत्या हंगामात मराठी आणि संगीत या विषयांच्या विद्यार्थ्यांनी दोघादोघांच्या जोड्या करून एकेका गावच्या वादकांचे वादन मोबाईलवर मुद्रित करावे, सोबत वहीत लिहावे : नाव, गाव, वाद्य, कोणाकडून शिकला. वही ग्रंथालयात ठेवावी. प्राध्यापक मंडळींनी यासाठी एक कपाट मिळवून द्यावे, एवढीच विनंती. कलकत्त्याहून यंत्र आणण्याची आता गरज उरलेली नाही. ते आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

आबाजींना मी सुटी संपताना 'द इनर लाइट'ही ऐकविले. पखवाज सुरू झाला तसे त्यांनी मांडीवर बोट आपटले आणि विचारले, "हा कोन?" या वेळी मला सांगता आले : "महापुरुष मिश्र, आबाजी." त्यांनी मान हलविली, ते नाव स्वतःशी एकदा उच्चारले, आणि म्हणाले, "लाव बाबू, पुन्हा लाव."